ग्रंथालयामुळे विद्यार्थी काय शिकले, हे कसे दाखवावे? : महाविद्यालयीन ग्रंथपालपदावर नव्याने आलेल्यांसाठी

महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी वार्षिक अहवालासाठी माहिती मागितली जाते. ती कोणती द्यायची, हे जुनी फाइल उघडली की कळते : एकूण ग्रंथसंख्या, वर्षभरात दाखल झालेले ग्रंथ, नियतकालिके, ग्रंथखरेदीचा खर्च, रोजची सरासरी उपस्थिती. ही माहिती खरी असते, तिच्यामागे ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे वर्षभराचे कष्ट असतात आणि ती द्यायलाच हवी. मात्र महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी भेटीला आलेल्या समितीतील एखादे सदस्य जेव्हा विचारतात की, "मॅडम, या सगळ्यामुळे मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला?", तेव्हा यातील एकाही आकड्यातून उत्तर निघत नाही. सुरुवातीची काही वर्षे मलाही ते देता आले नव्हते, आणि उत्तर नसल्याची खंत वाटत असे, कारण फरक पडतो हे देवघेवीच्या काउंटरवर उभे राहून रोज दिसत होते.

हा लेख महाराष्ट्रातील, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणच्या, कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाचे ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिथे ग्रंथपाल, एक लिपिक आणि एक-दोन परिचर एवढेच मनुष्यबळ असते. म्हणून इथे सुचवलेले काम एका सत्रात, एका वर्गापुरते आणि वेगळ्या निधीशिवाय होईल असे आहे.

पहिली पायरी : तीन प्रश्न वेगळे करा

आपल्याकडे काय आहे, ते किती वापरले गेले आणि वापरल्यामुळे विद्यार्थ्यात काय बदलले, हे तीन निराळे प्रश्न आहेत. ग्रंथसंख्या पहिल्याचे उत्तर देते. देवघेव, उपस्थिती आणि एन-लिस्टवरील, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या सेवेवरील, लॉगिन दुसऱ्याचे उत्तर देतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयं-अभ्यास अहवालात 'शिक्षणाचे साधन म्हणून ग्रंथालय' या ४.२ क्रमांकाच्या मुद्द्याखाली आजवर मुख्यतः हे दोनच प्रश्न विचारले गेले : संगणकीकरण झाले आहे का, खर्च किती, रोजचा वापर किती. तिसऱ्या प्रश्नाच्या जवळ जाणारा भाग त्याच अहवालात दुसरीकडे, विद्यार्थ्यांची कामगिरी आणि अध्ययन निष्पत्ती (विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवे ते) या २.६ क्रमांकाच्या मुद्द्यात येतो, आणि तो भरताना ग्रंथपालाला सहसा कोणी बोलावत नाही. आपल्याला नेमके तिथपर्यंत पोचायचे आहे.

दुसरी पायरी : अध्ययन निष्पत्तींची यादी मागवून वाचा

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांकडे प्रत्येक विषयाच्या अध्ययन निष्पत्ती लिहिलेल्या असतात. बहुतेक महाविद्यालये त्या संकेतस्थळावरही ठेवतात. ती कागदपत्रे हातात पेन घेऊन वाचा आणि ज्या वाक्यात शोधणे, पडताळणे, तुलना करणे, संदर्भ देणे, अहवाल लिहिणे अशी क्रियापदे आहेत, त्याखाली रेघ ओढा. पुस्तकांशी ज्यांचा दूरचाच संबंध असेल असे वाटते, अशा विषयांतही ही वाक्ये सापडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी श्रेयांक रचना आल्यापासून क्षेत्र प्रकल्प, संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे अहवाल विद्यार्थ्यांना लिहावे लागतात. ग्रंथालयाच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे, कारण लेखी अहवाल म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मागे ठेवलेला पुरावा होय.

तिसरी पायरी : प्रश्न लहान करा

"ग्रंथालयामुळे निकाल सुधारतो का?" हा प्रश्न घेऊ नका. निकालावर शिकवणे, प्रश्नपत्रिका, घरची परिस्थिती, दहावी-बारावीचा पाया अशा कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो आणि त्यातून ग्रंथालयाचा वाटा वेगळा काढणे मोठ्या संशोधक गटांनाही अवघड जाते. त्याऐवजी असा प्रश्न घ्या : "एस. वाय. बी. ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचा विषय मिळाल्यानंतर ग्रंथालयात दोन तासिका दिल्या, तर ते आपल्या विषयाला योग्य असे विश्वासार्ह स्रोत निवडू लागतात का आणि त्यांचा संदर्भ नीट देतात का?" यात वर्ग ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, आपण काय करणार ते स्पष्ट आहे आणि काय तपासायचे तेही स्पष्ट आहे.

चौथी पायरी : एक शिक्षक सोबत घ्या

अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने, म्हणजे एसीआरएलने, २०१० मध्ये ग्रंथालयांच्या मूल्यावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढे २०१३ ते २०१६ या काळात दोनशेहून अधिक संस्थांमध्ये असेच लहान लहान प्रकल्प करवून घेतले. त्या उपक्रमाची अटच अशी होती की, प्रत्येक गटात ग्रंथपालाबरोबर महाविद्यालयातील ग्रंथालयाबाहेरची माणसे असावीत. ही अट मला अगदी योग्य वाटते. विद्यार्थ्यांचे लेखन शिक्षकांच्या ताब्यात असते, गुणही त्यांच्याच हातात असतात, आणि शिक्षकाने मान्य न केलेला पुरावा कोणत्याही सभेत टिकत नाही.

शिक्षकाकडे जाताना 'ग्रंथालयाचे योगदान सिद्ध करायचे आहे' असे म्हणत जाऊ नका. त्यांच्यावर आधीच कागदपत्रांचे ओझे असते. त्यांना रोज सतावणाऱ्या अडचणीपासून सुरुवात करा. "सर, मागच्या वर्षीचे प्रकल्प मला दोन दिवस वाचायला द्याल का? मुलं संदर्भ कसे देतात ते बघायचंय," एवढे विचारले तरी पुरते. बहुतेक वेळा कपाट तत्काळ उघडते, कारण संदर्भसूची कधीच कोणी नीट लिहीत नाही ही त्यांचीही जुनी तक्रार असते. विभागप्रमुखांना कल्पना द्या, प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि ग्रंथालय सल्लागार समितीच्या इतिवृत्तात विषयाची नोंद करून ठेवा.

पाचवी पायरी : आधीची स्थिती मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. 'नंतर' काय झाले हे सांगण्यासाठी 'आधी' काय होते ते माहीत असावे लागते, आणि सत्र सुरू होऊन गेल्यावर 'आधी' परत मिळत नाही.

मागच्या वर्षीच्या प्रकल्पांतून पंचवीस-तीस अहवाल घ्या. निवडून घेऊ नका, हजेरीपटातील दर दुसरा किंवा तिसरा घ्या. प्रत्येकाचे शेवटचे पान उघडा. तालुक्यातील दूध संस्थांवरच्या प्रकल्पात साधारणपणे असे पान दिसते : पहिल्या ओळीत 'गुगल', दुसऱ्या ओळीत 'विकिपीडिया', तिसऱ्या ओळीत क्रमिक पुस्तकाचे नाव, पण लेखक आणि वर्ष नाही, आणि चौथ्या ओळीत 'इंटरनेट'. प्रकल्पाच्या आत मात्र तालुक्याची लोकसंख्या, दूध संकलनाचे आकडे, सिंचनाखालील क्षेत्र असे बरेच काही दिलेले असते आणि त्यातले काय कुठून आले याचा पत्ता लागत नाही. दुसरीकडे, याच विषयाला लागणारे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्ह्याचे गॅझेटिअर, राज्याची वार्षिक आर्थिक पाहणी आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद' या नियतकालिकाचे अंक आपल्या संदर्भ विभागात किंवा शासनाच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. हे अंतर डोळ्यांनी पाहिले की आपण काय शिकवायला हवे ते आपोआप ठरते.

आता हे अंतर गुणांत मांडण्यासाठी एक कसोटी-तक्ता तयार करा. चार निकष पुरेत : स्रोत विषयाला योग्य आहेत का, त्यांत विविधता आहे का, मजकुरातील आकडे आणि विधाने स्रोतांशी जोडलेली आहेत का, आणि संदर्भसूचीत लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक हे तपशील आहेत का. प्रत्येक निकषाला शून्य ते तीन गुण ठेवा, आणि प्रत्येक गुणाचा अर्थ साध्या वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, तिसऱ्या निकषात शून्य म्हणजे 'एकाही आकड्याचा स्रोत दिलेला नाही', एक म्हणजे 'एक-दोन आकड्यांचा दिला आहे', दोन म्हणजे 'निम्म्याहून अधिक आकड्यांचा दिला आहे', तीन म्हणजे 'जवळजवळ सर्व आकड्यांचा दिला असून तो तपासता येतो'. 'चांगले', 'बरे', 'समाधानकारक' असे शब्द वापरू नका, कारण दोन माणसांचे 'बरे' कधी सारखे नसते.

तक्ता झाल्यावर तुम्ही आणि विषयशिक्षक मिळून दहा अहवाल स्वतंत्रपणे तपासा आणि गुण शेजारी शेजारी मांडा. जिथे तुमचे गुण एकाहून अधिकने वेगळे पडतात, तिथे निकषाची भाषा संदिग्ध आहे असे समजून ती दुरुस्त करा. ही बैठक तासाभराची असते. पण ग्रंथपाल आणि शिक्षक मिळून विद्यार्थ्याचे लेखन वाचत बसले आहेत, असा प्रसंग आपल्या महाविद्यालयांत क्वचितच येतो, आणि तो आला की पुढचे सहकार्य सोपे होते.

सहावी पायरी : योग्य वेळी शिकवा

जुलैमध्ये सभागृहात सर्व नव्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून दिलेली ग्रंथालय परिचयाची माहिती ऑगस्टपर्यंत विसरली जाते. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, कारण त्या दिवशी त्यांना ती कशासाठीच लागत नसते. तुमच्या दोन तासिका प्रकल्पाचे विषय वाटल्यानंतरच्या आठवड्यात ठेवा आणि त्या ग्रंथालयातच घ्या. पहिल्या तासिकेत प्रत्येकाने स्वतःच्या विषयासाठी एक छापील आणि एक ऑनलाइन स्रोत शोधून काढायचा. दुसऱ्या तासिकेत त्या स्रोतांची नोंद कशी करायची आणि मजकुरात संदर्भ कुठे द्यायचा, याचा सराव करायचा. एन-लिस्टचे लॉगिन प्रत्येकाचे आधीच तयार ठेवा, नाहीतर पासवर्ड शोधण्यातच तासिका संपते.

तासिकेच्या शेवटी 'सत्र आवडले का?' असा अभिप्राय घेण्याची आपल्याकडे रीत आहे. विद्यार्थी भिडेखातर 'खूप छान' लिहितात आणि त्यातून शिकण्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी अर्ध्या पानाचा कागद द्या आणि एक काम सांगा : 'तुमच्या तालुक्यातील सिंचनाखालील क्षेत्राचा आकडा कुठे मिळेल, आणि तो विश्वासार्ह का मानाल?' त्याखाली 'आज शोधताना कुठे अडलात?' एवढाच एक प्रश्न ठेवा. याची उत्तरे मनापासून लिहिलेली असतात, आणि आपल्या ग्रंथालयाच्या तालिकेतील (कॅटलॉगमधील) विषयशीर्षके विद्यार्थ्यांच्या बोलीपासून किती दूर आहेत, हे बऱ्याचदा त्यांतूनच कळते.

वर्गाच्या दोन तुकड्या असतील तर एका तुकडीला या तासिका आधी आणि दुसरीला प्रकल्प सादर झाल्यावर देता येतात, म्हणजे तुलना करता येते. दुसऱ्या तुकडीला तासिका मिळाल्याच पाहिजेत. तुलनेसाठी कोणाला कायमचे वंचित ठेवणे बरोबर नाही.

सातवी पायरी : नंतरचे अहवाल त्याच तक्त्याने तपासा

या वर्षीचे अहवाल आले की त्यांतूनही त्याच रीतीने पंचवीस-तीस निवडा. नाव आणि वर्ष असलेले पान झाका, जुने आणि नवे अहवाल एकत्र मिसळा आणि मग तपासा, कारण हे आपल्या शिकवण्याचे फळ आहे असे माहीत असताना गुण देताना हात सैल सुटतो.

निष्कर्ष मांडताना सरासरीवर थांबू नका. समजा, तीस अहवालांपैकी आधी सहा अहवालांना तिसऱ्या निकषात दोन किंवा तीन गुण होते आणि आता सतराना आहेत, तर तेच वाक्य तसेच लिहा : 'तीसपैकी सहा होते, आता सतरा आहेत.' हे वाक्य प्राचार्यांपासून पालकांपर्यंत कोणालाही कळते. त्याच्या शेजारी एका जुन्या आणि एका नव्या संदर्भसूचीचे नाव झाकलेले छायाचित्र ठेवा. आणि एखाद्या निकषात काहीच फरक पडला नसेल, तर तेही त्याच ठळकपणे लिहा. माझ्या अनुभवात स्रोतांची विविधता लवकर सुधारते, आकडे स्रोतांशी जोडण्याची सवय मात्र दोन तासिकांत लागत नाही.

वापराच्या आकड्यांचे काय करावे?

सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीतून देवघेवीचा अहवाल काढून तो परीक्षेच्या गुणांशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तसे अभ्यास झालेले आहेत. ब्रिटनमध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने आठ विद्यापीठांतील ३३ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली, तेव्हा ग्रंथ नेणे आणि ई-स्रोतांचा वापर यांचा पदवीच्या श्रेणीशी संबंध आढळला, पण ग्रंथालयात येण्या-जाण्याच्या नोंदींचा तसा संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षी ग्रंथालयाची सेवा एकदा तरी वापरलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी गुण आणि पुढच्या सत्रात टिकून राहण्याचे प्रमाण अधिक दिसले. दोन्ही ठिकाणी दिसतो तो केवळ संबंध आहे. ग्रंथालयामुळेच गुण वाढले असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण अभ्यासू विद्यार्थी मुळातच ग्रंथालयात अधिक येतो. तुमच्या अहवालात 'मुळे' हा शब्द जपून वापरा.

येण्या-जाण्याच्या नोंदींबाबत तर आपल्याकडे आणखी सावध राहावे लागते. आपली उपस्थिती नोंदवही भरते ती बरीचशी वाचनकक्षामुळे, आणि वाचनकक्षात बसणाऱ्यांत एमपीएससीची तयारी करणारे, स्वतःची पुस्तके घेऊन आलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांना शांत जागा, पंखा आणि दिवसभर बसण्याची मुभा देणे हे ग्रंथालयाचे मोलाचे काम आहे आणि त्याची वेगळी नोंद करावी. पण अर्थशास्त्राच्या अध्ययन निष्पत्तींचा पुरावा म्हणून तो आकडा देऊ नये. देवघेवीतही एकाच्या कार्डावर तिघे मित्र पुस्तके नेतात, हे काउंटरवर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरीही हा मार्ग घ्यायचा असेल, तर विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) ग्रंथालय प्रणालीत सुरुवातीपासून नोंदवा, म्हणजे परीक्षा विभागाच्या माहितीशी जुळवणी होऊ शकेल, आणि जुळवणी झाल्यावर नावे व क्रमांक काढून टाका. कोणी कोणते पुस्तक वाचले, ही विद्यार्थ्याची खासगी बाब आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर त्याची जाणीव ठेवणे आवश्यकच केले आहे, पण कायदा नसता तरी ग्रंथपालाचा तो धर्मच आहे. एखाद्या विभागात चारच विद्यार्थी असतील, तर त्या विभागाचे आकडे स्वतंत्रपणे छापू नका, कारण नाव न देताही माणूस ओळखू येतो.

आठवी पायरी : जे येत नाहीत त्यांनाही विचारा

आकड्यांत न येणारे विद्यार्थी सर्वांत महत्त्वाचे असतात. सहा-आठ जणांना बोलावून अर्धा तास बोला, शक्यतो काउंटरपासून दूर. तिथे कळणाऱ्या गोष्टी साध्या असतात : ग्रंथालय साडेपाचपर्यंत उघडे असते, पण गावाकडे जाणारी सोयीची एसटी साडेतीनला सुटते, तासिका संपते तेव्हाच देवघेव बंद होते, सकाळी काम करून येणाऱ्याला पुस्तक परत करायला वेळ मिळत नाही आणि दंडाच्या भीतीने तो दुसरे नेतच नाही. या माहितीवरून बदललेली एक वेळ किंवा माफ केलेला एक दंड हाही शिकण्याला दिलेला हातभार आहे, आणि आधी काय होते, नंतर किती जण येऊ लागले, हे लिहून ठेवले तर तो दाखवता येतो. पुस्तक-पेढीतून पूर्ण सत्रासाठी पुस्तके मिळालेल्या विद्यार्थ्यांशीही असेच बोला.

नववी पायरी : दोन पानांचा अहवाल

पहिल्या पानावर प्रश्न, काय केले, कोणासोबत केले, किती अहवाल तपासले आणि काय आढळले. दुसऱ्या पानावर काय सुधारले नाही, आणि त्यावरून महाविद्यालयाकडून कोणती एक गोष्ट हवी आहे. मागणी नेमकी असावी : 'प्रकल्प असलेल्या प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात दोन तासिका' किंवा 'जिल्ह्याच्या संदर्भग्रंथांच्या नव्या आवृत्त्या'. 'ग्रंथालयाला अधिक निधी मिळावा' या वाक्यावर कोणी निर्णय घेऊ शकत नाही. अहवालावर तुमच्याबरोबर विषयशिक्षकाची सही घ्या, एक प्रत गुणवत्ता हमी कक्षाला द्या आणि तो २.६ च्या पुराव्यांत जोडावा अशी लेखी विनंती करा. विद्यार्थ्यांनाही निष्कर्ष सांगा, कारण ते लेखन त्यांचे आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतोच. त्या दिवशीच्या ग्रंथप्रदर्शनात एका टेबलावर या वर्षीच्या चांगल्या संदर्भसूची, विद्यार्थ्यांची संमती घेऊन, मांडता येतात.

शेवटी कसोटी-तक्ता, तपासलेल्या अहवालांचे गुण, अर्ध्या पानांचे ते कागद आणि परवानगीची पत्रे एका फाइलमध्ये लावा आणि त्या फाइलची नोंद कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत करून ठेवा. पुढच्या वर्षी वर्ग बदलला तरी तक्ता बदलू नका. तुमची बदली झाली किंवा तुम्ही निवृत्त झालात, तर नव्याने येणाऱ्या ग्रंथपालाला 'आधीची स्थिती' शोधण्यासाठी पुन्हा कपाटे उघडायला सांगावे लागू नये.